नाव घातलेलं पातेलं

या वेळचं पत्र एका ६४ वर्षांच्या वाचकाचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते.

ते एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पत्नीला जाऊन सोळा महिने झाले. मॅटीवर (चौकटी विणीच्या कापडावर) क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीचा टाका, भरण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. दुपारी शेजारच्या मुलींना ती शिकवायची. तिचा एक टेबलक्लॉथ अर्धा राहिला आहे. चार कोपऱ्यांत चार गुलाब, त्यातले अडीच झालेले, सुई अजून तिथेच टोचलेली. तो पूर्ण करावा म्हणून हे बसले, पण बोटांना मॅटीची घरं सापडेनात. मग एक दिवस माळ्यावरचं जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) झाकण काढलं, तिच्या नमुन्याच्या कागदावरून त्यावर घरं आखली, ड्रिलने भोकं पाडली आणि लोकरीने गुलाब भरला. आज अशी अकरा झाकणं आणि ताटल्या भिंतीवर आहेत. रोज तीन-चार तास त्यात जातात. "तेवढा वेळ डोकं शांत असतं," असं ते लिहितात.

दिवाळीत पुण्याहून मुलगा आला आणि भिंत बघून चिडला, "आईच्या भांड्यांना भोकं पाडलीत?" मेहुणीच्या मते भोक पडलेलं भांडं घरात अशुभ. एका मित्राने विचारलं, हे बायकी काम कुठून लागलं? पुतणी म्हणते ही 'हीलिंग आर्ट' आहे, काका, वर्ग काढा. आता पत्नीच्या रुखवतातलं, तिचं माहेरचं नाव घातलेलं पितळेचं पातेलं उरलं आहे, आणि राहिलेला गुलाब त्यावर भरावा असं त्यांच्या मनात आहे. ते विचारतात : भोक पाडू की नको? आणि मी बरा होतोय की बिघडतोय?

नमस्कार दादा,

तुमच्या चार पानांतली सव्वादोन पानं भोकांबद्दल आहेत, आणि मी ती दोनदा वाचली. पंचने आधी खूण करायची म्हणजे ड्रिल सरकत नाही. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा घ्यायचा. दोन भोकांत पाच मिलिमीटर ठेवायचे. मागच्या बाजूला आलेली बर, म्हणजे भोकाची धारदार कड, जाड ड्रिल हाताने फिरवून काढायची, नाहीतर लोकर तुटते. चौतीस वर्षांचा हात त्या ओळींत दिसतो. मुलाबद्दल मात्र एकच ओळ आहे. "तो नाराज आहे, होईल ठीक." त्या ओळीकडे मी परत येणार आहे.

पत्र आल्यावर राहवलं नाही म्हणून मी पुरणयंत्राची एक जुनी जाळी काढली. भोकं आयती होतीच. दोन संध्याकाळी बसून तिच्यावर लाल लोकरीच्या फुल्या भरल्या. कापडावर मी आयुष्यभर भरत आले, पण हा अनुभव निराळा निघाला. कापड आपलं ऐकतं, दोरा ओढला की चुणी पडते आणि आपण सैल सोडतो. पत्रा ऐकत नाही. ओढून उपयोग नसतो, म्हणून हात आपोआप हलका होतो. दोरा भोकातून जाताना बारीक खसखस आवाज येतो, आणि थोड्या वेळाने तोच आवाज ऐकत आपण टाके मोजायला लागतो. तुम्ही 'डोकं शांत' म्हणता ते मला दुसऱ्या संध्याकाळी थोडं कळलं.

आधी मित्राच्या प्रश्नाचं बघू, कारण तुम्ही तो हसण्यावारी नेल्याचं लिहिलंत, पण शेवटच्या पानावर तो पुन्हा आला आहे. सुई बायकांची, हे आपल्याकडे कधी खरं होतं? संत नामदेव शिंप्याच्या घरचे. जरदोजीच्या, म्हणजे जरीच्या भरतकामाच्या, कारखान्यांत आजही कारचोबाच्या चौकटीभोवती मांडी घालून बसलेले बहुतेक कारागीर पुरुष असतात. काश्मिरी शालीवरचं सोझनी नावाचं बारीक सुईकाम पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केलं आहे. पहिल्या महायुद्धानंतरची इंग्लंडमधली एक गोष्ट तर तुमच्या फार जवळची आहे. अर्नेस्ट थेसिजर नावाचा नट त्या युद्धात जखमी होऊन परतला होता. तो स्वतः उत्तम भरतकाम करायचा. हात किंवा पाय गमावलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या सैनिकांना सुई हातात दिली तर काम मिळेल आणि मनही सावरेल, असं त्याला वाटलं, आणि त्यातून जखमी सैनिकांच्या भरतकामाची एक संस्थाच उभी राहिली. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या वेदीपुढचं वस्त्र अशाच शंभराहून अधिक जखमी सैनिकांनी मिळून भरलं. त्यांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा, दक्षिण आफ्रिकेचे जवानही होते. हॉस्पिटलच्या खाटांवर बसून त्यांनी ते तुकडे भरले. मित्राला हे सांगा किंवा सांगू नका. तुम्हाला ठाऊक असलं की पुरे.

पत्र्यावर भरणारेही तुम्ही एकटे नाही. लिथुएनियात सेवेरिया इंचिराउस्काइते-क्रियाउनेविचिएने नावाची कलाकार आहे, जन्म १९७७चा. (नाव मोठं आहे, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा, जमतं.) तिचे वडीलही धातूत काम करणारे कलाकार. ती जुन्या बादल्या, पातेल्यांची झाकणं, झाडांना पाणी घालायच्या झाऱ्या, मोटारींचे दरवाजे घेते, त्यांना भोकं पाडते आणि क्रॉस स्टिचने फुलं भरते. तीच फुलं, जी घरोघरीच्या उशांवर आणि टेबलक्लॉथवर असतात आणि ज्यांना कलेच्या जगात कोणी विचारत नाही. लष्करी लोखंडी शिरस्त्राणांवरही तिने फुलं भरली आहेत. त्या कामाचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ बघत बसले. गंज पुसलेला नाही, पोचे काढलेले नाहीत. वस्तूवर जे घडून गेलं ते तसंच आहे आणि त्याच्यावर गुलाब आहे. पुतणीला हे नाव द्या, ती शोधून तुम्हाला मोठ्या पडद्यावर दाखवेल.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बरा होतोय की बिघडतोय. मला वाटतं हा प्रश्न तुम्हाला इतरांनी दिला. मुलगा म्हणतो बिघडताय, पुतणी म्हणते बरे होताय, आणि तुम्ही मध्ये उभे राहून झाकणांकडे पुरावा मागताय. भरतकाम हे औषध असलंच पाहिजे, तरच ते करायची मुभा, असं का? चौतीस वर्षं तुम्ही रोज काही ना काही घडवलंत. हाताला काम हवं आणि मनाला ती हवी, दोन्ही एका जागी सापडलं. तेवढं कारण मला पुरतं. त्याला 'हीलिंग' म्हणायची घाई नको, कारण मग ज्या दिवशी गुलाब भरूनही रडू येईल त्या दिवशी वाटेल की औषध चुकलं. रडू येणारच आहे.

सोळा महिने झाले, अजून किती, असंही तुम्ही लिहिलंत. वर्षश्राद्ध झालं की माणसाने सावरावं असा आपल्याकडे एक न बोललेला हिशेब आहे. दुःखाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोघांनी १९९९ मध्ये एक वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं, की जवळचं माणूस गेल्यावर आपण पायरीपायरीने वर चढत नाही. आपण दोन गोष्टींत हेलकावे खातो. कधी गेलेल्या माणसाकडे तोंड करून बसतो, कधी उरलेल्या संसाराकडे : गॅस संपला, बँकेत जायचं, नवीन सवयी लावायच्या. हे येणं-जाणं चालू असलं की माणूस चालता राहतो. एकाच बाजूला अडकून पडलं की त्रास वाढतो.

म्हणून मी झाकणांकडे बघत नाही, उरलेल्या वीस तासांकडे बघते. तिथे मला एक गोष्ट खटकली. "सकाळचं चालणं बंद केलं, कारण भरायला उजेड सकाळी चांगला असतो." दादा, निवृत्तीपासून तुम्ही चार मित्रांबरोबर चालत होतात. उजेड दहा वाजताही असतो. चालणं परत सुरू करा, आणि हे मी आरोग्यासाठी कमी आणि त्या चौघांसाठी जास्त सांगते आहे. ज्याने बायकी काम म्हटलं तोही त्यातच आहे ना? एक झाकण त्याच्या हातात द्या आणि भोकं कशी पाडली ते सांगा. माझी खात्री आहे की दुसरा प्रश्न तो ड्रिलबद्दल विचारेल.

झोप, जेवण, आंघोळ, फोन उचलणं हे चालू आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. तरीही इथे सगळ्याच वाचकांसाठी स्पष्ट लिहिते. जवळचं माणूस जाऊन वर्ष उलटलं आणि तरीही जवळजवळ रोज ओढ इतकी तीव्र आहे की दिवस ढकलवत नाही, झोप उडाली आहे, वजन उतरतं आहे, कशातच अर्थ वाटत नाही, किंवा आपणही जावं असे विचार येतात, तर सुई-दोऱ्यावर विसंबू नका, डॉक्टरांकडे जा. लांबलेल्या दुःखाला आता वैद्यकात आजार म्हणून जागा आहे आणि त्यावर उपचार आहेत. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आहे. मराठीत बोलता येतं. भरतकाम त्याच्या जोडीला खुशाल चालू ठेवा.

आता मुलगा.

तुम्ही त्याच्या रागाचा अर्थ 'त्याला लाज वाटते' असा लावला आहे. त्याचं वाक्य तुम्हीच लिहून पाठवलंत, ते पुन्हा वाचा. "आईच्या भांड्यांना भोकं पाडलीत?" लोक काय म्हणतील, बाबा हे काय करताय, असं त्यात काहीही नाही. त्यात आई आहे आणि भांडी आहेत. ते जर्मनचं झाकण तुमच्यासाठी माळ्यावरचा पत्रा होता. त्याच्यासाठी कदाचित त्याखाली रविवारचा भात असायचा. भोक पडलं की ते झाकण पुन्हा कधी भातावर बसणार नाही. तुम्ही फिटर आहात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे : टाका उसवता येतो, पाडलेलं भोक बुजत नाही. तुमचं दुःख रोज तीन-चार तास त्या भांड्यांशी बोललं. त्याचं दुःख पुण्यात होतं. दिवाळीत दार उघडून आत आला तेव्हा आईच्या स्वयंपाकघरातल्या अकरा वस्तू बदललेल्या होत्या आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं.

यात तुम्ही काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. पण त्याला राग यायला कारण आहे, आणि 'होईल ठीक' म्हणून ते मिटणार नाही. फोन करा. काम दाखवू नका, समजावू नका. एवढंच विचारा की आईच्या भांड्यांतलं तुला काय हवं आहे. तो कदाचित म्हणेल काही नको. मग आठ दिवसांनी पुन्हा विचारा. कोणत्या झाकणाचं त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं तेही विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या. तुमच्या बाजूचं बोलायला नंतर खूप वेळ आहे.

मेहुणीलाही एकदा फोन करा. अशुभाचं सोडून द्या; झारा, चाळण, मोदकपात्राची ताटली, भोकांशिवाय आपलं स्वयंपाकघर चालत नाही. पण तिची बहीण गेली आहे आणि ती ज्या शब्दांत बोलू शकते त्या शब्दांत बोलते आहे.

तर पातेलं. माझं उत्तर : आत्ता पाडू नका.

कारण सांगते. त्याच्यावर नाव घातलेलं आहे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात ते एवढ्यासाठी, की चार घरांची भांडी एकत्र आली तरी हे कोणाचं ते कळावं. त्या पातेल्यावर तुमच्याही आधीचं तिचं नाव आहे, तिच्या आईवडिलांनी घालून दिलेलं. त्यावर एक काम आधीच झालेलं आहे, छिन्नीचं, टिंबाटिंबांचं. बारकाईने बघा, ते नावसुद्धा टाक्यांसारखंच आहे. तुमचा गुलाब त्याच्या शेजारी शोभेल का? शोभेलही. पण त्या पातेल्याचे वारस तुम्ही एकटे नाही, आणि मुलाशी बोलणं अजून व्हायचं आहे. तो मनापासून हो म्हणाला, तर एक दिवस दोघं मिळून पाडा. पहिलं भोक त्याला पाडू द्या. पितळ ड्रिलला कसं धरून ठेवतं आणि धार थोडी मारून का घ्यावी लागते, हे त्याला शिकवणारा तुमच्याइतका चांगला माणूस कोण आहे? तो नाही म्हणाला, तर ते पातेलं चिंच लावून लखलखीत करा, कल्हई करून घ्या आणि त्यात आमटी करा. तेही तिच्याजवळ बसणंच आहे.

तोवर हाताला पत्रा हवा, तो घरातला नको. भांडी बाजारात मोडीत आलेली भांडी वजनावर मिळतात. पोचलेल्या पराती, कान तुटलेली पातेली, झाकणं हरवलेले डबे. पुण्याला मुलाकडे गेलात तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत त्याच्याबरोबर एक चक्कर मारा. तिथे अजून तांब्यावर मठारकाम चालतं. ठोक्याशेजारी ठोका, एका अंतराने, आणि त्या ठोक्यांनी पत्रा कडक होत जातो. तुम्हाला तिथून लवकर निघवणार नाही.

हे वाचून कोणाला करून बघावंसं वाटलं तर थोडं व्यवहाराचं. ड्रिल हातात धरलेलं नसेल तर भोकं पाडायला जाऊच नका. पुरणयंत्राची जाळी, जुनी चाळण, स्टीलची भोकांची टोपली यांवर सुरुवात करा. बोथट टोकाची जाड सुई, लोकर किंवा अँकरचा सहा पदरी दोरा, आणि दोरा हातभरच घ्या. लांब घेतला तर कडांना घासून झिजतो. त्यावर थोडं मेण फिरवलं तर जास्त टिकतो. भोक पाडायचंच असेल तर जर्मनचा पत्रा सगळ्यात सोपा, स्टील चिवट. पत्रा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात किंवा क्लॅम्पमध्ये पकडायचा. चष्मा हवाच. हातमोजे मात्र ड्रिल फिरताना घालायचे नाहीत, ते गुंडाळले जातात. जुना रंग असलेल्या पत्र्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका, जुन्या रंगांत शिसं असू शकतं. गंजलेली कड लागली तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आणि पत्र्याची मागची बाजूही दिसते, भिंतीवरून काढून कोणी उलटं करून पाहिलं की सगळ्या गाठी समोर येतात. मला माझ्या लपवाव्याशा वाटल्या नाहीत.

पुतणीच्या वर्गाचं म्हणाल तर आत्ता नको. वर्गापाठोपाठ विक्रीही येते, आणि विकायला लागलात की मापं, तारखा आणि दुसऱ्याच्या आवडीचे रंग येतात, आणि सध्या ते तीन-चार तास तुमचे राहू देत. शिवाय 'यातून दुःख बरं होतं' असं सांगून कोणाकडून पैसे घेणं तुम्हाला पटणार नाही, हे तुमच्या अक्षरावरूनच मला कळतं. पण शिकवणं वेगळं. तुमच्या पत्नीकडे शिकलेल्या मुली अजून गल्लीत असतील, काही लग्न होऊन गेल्या असतील. त्यातल्या एकीला बोलवा. तिला झाकणं दाखवा, आणि तिच्याकडून मॅटीचं एक घर कसं मोजायचं ते तुम्ही शिका. तुमची पत्नी शिकवताना तिच्यावर कशी ओरडायची ते ती सांगेल. निवृत्तीआधीचं तरी तुम्ही ऐकलेलं नसणार, दुपारी तुम्ही कारखान्यात होतात.

टेबलक्लॉथ पूर्ण करायची गरज मला वाटत नाही. अडीच गुलाब तिने भरले, तेवढे तिचे. तो तसाच राहू दे. त्यातली सुई मात्र काढून तिच्या डब्यात ठेवा. तुम्ही ती हलवली नाहीत हे मला समजतं, पण पावसाळ्याच्या दमट हवेत सुई गंजते आणि मॅटीवर पडलेला गंजाचा डाग सहज निघत नाही. काढण्याआधी शेवटच्या टाक्याजवळ वेगळ्या रंगाच्या दोऱ्याची एक सैल गाठ बांधून ठेवा, म्हणजे ती कुठवर आली होती ते कळेल.